परत केलेला कप

बुऱ्हाणपूरला आम्ही राहायला गेलो त्या पहिल्या दिवशी, सामान सोडायच्या आधीच, दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आईला आणि मला समोर बसवून सांगितलं की या गावात आपलं कुणी नाही. ते हे दुःखानं सांगत नव्हते. दादा दिवाणी न्यायाधीश होते, आणि ज्या गावात मामा, मावसा, मेव्हणा, शाळेतला जुना मित्र यांतलं एकही माणूस नाही असं गाव मिळणं म्हणजे त्यांच्या लेखी बढतीच होती. "कुणाकडे जेवायला जायचं नाही. कुणी काही आणलं तर घ्यायचं नाही. नातेवाइकांचं घ्यायला हरकत नाही," असं म्हणून ते जरा थांबले आणि समाधानानं म्हणाले, "पण नातेवाईक इथे नाहीत." आईनं विचारलं, "आणि कुणी प्रेमानं आणलं तर?" दादा म्हणाले, "प्रेमानं आणलं तर मुळीच घ्यायचं नाही."

आता अशा गोष्टींची लेखी आचारसंहिता असते. न्यायाधीशानं घरचे आणि जवळचे मित्र सोडून कुणाकडून भेट स्वीकारू नये असं त्यात स्पष्ट म्हटलेलं आहे, हे माझ्या वकील भाचीनं मला अलीकडेच मोबाइलवर काढून दाखवलं. मी चष्मा लावून वाचलं. सगळा मिळून दोन ओळींचा मजकूर. दादांची संहिता त्याहून बरीच मोठी होती, आणि ती कुठेही लिहिलेली नसल्यामुळे रोज थोडी वाढत असे. चहा चालत नसे, पण पाणी चाले. लग्नाची पत्रिका घ्यायची, पण पत्रिकेबरोबर आलेला लाडू पत्रिका आणणाऱ्यालाच समोर बसवून खायला लावायचा. दिवाळीत आमच्या ओसरीवर प्रतिष्ठित माणसं ओळीनं बसून आपापल्या घरची मिठाई मुकाट्यानं खात आहेत, हे दृश्य मी चार दिवाळ्या पाहिलं.

आमचं सरकारी घर लालबागच्या रस्त्याला होतं आणि मागच्या गल्लीत पॉवरलूमचे कारखाने. सकाळपासून त्यांची खटखट चालू असे. पहिल्या आठवड्यात आईचं डोकं दुखलं, दुसऱ्या आठवड्यात तिला ती ऐकू येईनाशी झाली, आणि पुढे तर खटखट थांबली की ती दचकायची. भरदुपारी, एकही दिवा लागलेला नसताना, ती चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणायची, "वीज गेली." या आवाजात आमच्या घरात सगळे जरा मोठ्यानंच बोलत. दादांची तत्त्वं त्यामुळे शेजाऱ्यांनाही पाठ झाली होती.

तरी गाव हुशार होतं. देणारा दिसला की साहेब परत पाठवतात, हे कळल्यावर देणारे दिसेनासे झाले. सकाळी फाटक उघडावं तर फाटकाच्या खांबाला केळीचा अख्खा घड टांगलेला. नाव नाही, गाव नाही. परत कुणाला करायचा? तापीकाठची सगळीच खेडी केळीची. दादांनी पहिला घड सरकारी दवाखान्यात पाठवला. नेणारा आमचा अर्दली रामदास. तो जन्मानं बुऱ्हाणपूरचा, मराठी बोलता बोलता मध्येच हिंदीत शिरायचा आणि परत यायचा, आणि कोर्टातल्या कुठल्याही वकिलापेक्षा त्याला गावाची नस जास्त कळायची. आठ दिवसांत दुसरा घड आला, मग तिसरा. महिन्याभरानं रामदास म्हणाला, "साहेब, दवाखान्यात तुमचं लई नाव झालं. पेशंट लोक म्हणतात, जजसाब दिलदार आदमी आहे. कंपाउंडर विचारत होता, पुढच्या हप्त्यात पपई भेटंल का?" दादांचा चेहरा उतरला. दुसऱ्यांच्या केळ्यांवर आपण पुण्यवान ठरलो, ही भेट परत कशी करायची ते त्यांना सुचेना. तेव्हापासून घड कोर्टाच्या आवारातल्या गाईंना जाऊ लागले. गाई कुणापाशी काही बोलत नसत.

आईचा या सगळ्यावर राग नव्हता, पण मत होतं. ती म्हणायची, "लोक रस्त्यात थांबून तुम्हाला नमस्कार घालतात. बस तुमच्यासाठी थांबते. सिनेमाला गेलो की मॅनेजर पंख्याखालच्या खुर्च्या रिकाम्या करून देतो. ते सगळं कुठे परत करता?" दादा यावर विचार करीत. एकदा विचार करून ते सिनेमाला खांबामागच्या खुर्चीवर बसले आणि तीन तास खांब पाहून आले.

गावची मावा जिलेबी दादांना फार आवडायची. काळपट, जाड, आतून खव्याची, गरम गरम खायची. पण ती विकत आणणंही सोपं नव्हतं. रामदासला पाठवलं की हलवाई त्याला ओळखून पाव किलोला अर्धा किलो बांधून द्यायचा. मग आईच डोक्यावरून पदर घेऊन, लांबच्या मोहल्ल्यात जाऊन, नाव न सांगता जिलेबी आणू लागली. न्यायाधीशाची बायको जिलेबीसाठी तोंड लपवून हिंडते, याची तिला मोठी मौज वाटे. मला मात्र तेव्हा लाज वाटायची. मी चौदा वर्षांची होते आणि मला लाज वाटायला फार थोडं कारण पुरत असे.

मी मुलींच्या मराठी शाळेत नववीत होते. शाळा एका संस्थेची, आणि संस्थेचे अध्यक्ष गावातले जिनिंगवाले मोठे व्यापारी. अभ्यासात मी मधली होते, गाण्यात नव्हतेच, पण बोलायला मला आवडायचं. स्नेहसंमेलनात वक्तृत्वस्पर्धा असे. त्या वर्षी विषय दिला होता, 'मी तापी बोलतेय'. निबंधमालेच्या पुस्तकात गंगेचं आत्मवृत्त होतं. मी त्यातली गंगा काढून तापी घातली, हिमालय काढून सातपुडा घातला आणि आरशासमोर पाठ केलं.

माझ्या वर्गात कुमुद पाटील होती. तापीकाठच्या दापोऱ्याची. रोज बसनं यायची, स्टँडवरून शाळेपर्यंत चालत. तिच्या स्कर्टची दुमड दोनदा उसवून लांब केलेली होती आणि जुन्या दुमडीच्या दोन रेघा त्यावर स्पष्ट दिसत. तिला फी माफ होती. ती फारशी बोलायची नाही, म्हणून तिनं स्पर्धेला नाव दिलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं. ती माझ्या आधी बोलली. हात हलवले नाहीत, आवाज चढवला नाही. तिची तापी म्हणाली की मी दर वर्षी पाटलाच्या मळ्यापाशी येते आणि बांधावरून परत जाते, पण एका वर्षी मी आत गेले. दोन दिवस राहिले. मी निघाले तेव्हा केळीचं एक खोड उभं नव्हतं आणि चिखलात मासे तडफडत होते. पाटलाच्या लहान पोरीला वाटलं की नदीनं आपल्यासाठी मासे आणले. ती हसत हसत बापाला दाखवायला गेली. कुमुद एवढं बोलून खाली बसली. सभागृहात बायका पदरानं डोळे पुसत होत्या.

मग मी उठले. मी दोनदा अडखळले. पुढचं आठवेना तेव्हा मी हात वर करून "होय, मीच ती तापी!" असं म्हटलं. दुसऱ्यांदा आठवेना तेव्हाही तेच म्हटलं. निकाल लागला. पहिली मी, दुसरी कुमुद. अध्यक्ष स्वतःच परीक्षकांतले एक होते. त्यांनी माझ्या हातात चांदीचा कप दिला आणि ध्वनिक्षेपकावरून सांगितलं की अशी मुलगी अशाच संस्कारी घरात निपजते.

मला काहीच कळलं नव्हतं असं मी या वयात म्हणणार नाही. कळलं होतं. पण कप जड होता, गार होता, आणि माझा होता. मी तो घरापर्यंत पोटाशी धरून आणला. मला न्यायला आलेला आणि दारातून सगळी भाषणं ऐकलेला रामदास शेजारून सायकल हातात धरून चालत होता.

दादा कोर्टातून आले, हातपाय धुतले, चहा घेतला, आणि त्यांचं लक्ष कोनाड्यातल्या कपाकडे गेलं. त्यांनी तो उचलून हातावर तोलला. "गेल्या वर्षी पहिल्या नंबराला काय दिलं होतं?"

"कंपासपेटी," मी म्हणाले.

"आणि त्याच्या आधी?"

"आधी फक्त प्रमाणपत्र."

दादा खुर्चीवर बसले. शाळेच्या मैदानाच्या जागेवरून संस्थेचा एका शेजाऱ्याशी दावा चालला होता आणि तो दादांच्याच कोर्टात होता, हे मला त्या संध्याकाळी कळलं. निकाल दोन महिन्यांवर आला होता. "तुझ्यापेक्षा कुणी चांगलं बोललं?" दादांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि कप कोनाड्यात परत ठेवला. मग म्हणाले, "तुझी साक्ष धरता येत नाही. तुझा त्यात हितसंबंध आहे. रामदास!"

रामदास दारात आला. प्रश्न ऐकून त्यानं टोपी काढली, परत घातली. "साहेब, बेबीनं चांगलंच म्हटलं."

"पहिला नंबर कुणाचा होता?"

"आता झूट कायले बोलू साहेब? बेबी बीच में दोनदा अटकली. ते दापोऱ्याची पोर बोलली ना, मले तर रडूच आलं. पण मी चपराशी माणूस. मले काय समजते?"

"उद्या कप परत द्यायचा," दादा म्हणाले.

आई आतून आली. मी तिला दादांवर असं चिडलेलं पूर्वी पाहिलं नव्हतं. "पोरीचं बक्षीस आहे ते. केळीचा घड नाही. तेही गाईपुढे टाकता?" दादा म्हणाले, "बक्षीस असतं तर ठेवलं असतं." त्या वेळी लूम चालू होते, तरी ते हे हळू बोलले. मी मागच्या खोलीत जाऊन रडले. मला राग कप जाण्याचा कमी होता. दादांनी मला खोटं बोलताना पाहिलं आणि त्याबद्दल एक शब्दही काढला नाही, याचा जास्त होता.

दुसऱ्या दिवशी मी कप मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवला. आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणत असू. त्या माझ्याकडे आणि कपाकडे आळीपाळीनं पाहू लागल्या. "वडील काय म्हणाले?" "परत द्यायला सांगितला." "का, ते सांगितलं?" "नाही." बाईंच्या कपाळावर घाम आला. पुढं काय झालं ते रामदासनं बाजारातून आणलं. अध्यक्षांनी कप पाहून कपाळावर हात मारला आणि म्हणाले, कप लहान पडला. दोन दिवसांनी शाळेनं जाहीर केलं की नववीतल्या गुणी मुलीसाठी नवी शिष्यवृत्ती सुरू होत आहे. ती गुणी मुलगी कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं, विचारायचं बाकी होतं ते फक्त मला. दादांनी तीही नाकारल्यावर गावात बोलणं सुरू झालं की समोरच्या पार्टीनं नक्कीच काहीतरी भारी दिलं असणार, त्याशिवाय कोण चांदी परत करतो? चार वर्षं एक केळंही न खाल्लेल्या माणसाची किंमत अशी वर वर चढत गेली.

तिकडे कपाचं करायचं काय? नंबर तर जाहीर झालेला. मोठ्या बाईंनी तोडगा काढला की पहिली मुलगी माघार घेते, म्हणून कप दुसरीला. कुमुदला वर्गातून बोलावलं. ती परत आली ती मोकळ्या हातानं. दप्तर उचललं आणि घरी गेली. मागून कळलं की तिनं बाईंना सांगितलं, "तिनं टाकलेला मला नको." बाई म्हणाल्या, फी माफ असलेल्या मुलीला एवढा ताठा शोभत नाही, माफी काढून घ्यावी लागेल. कुमुद म्हणाली, घ्या.

ती दुसऱ्या दिवशी आली नाही. आठवडाभर आली नाही. तिच्या बाकावरची जागा तशीच होती आणि तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवूनही मी बघायची. दादांनी हात स्वच्छ ठेवले होते, मीही सांगितल्यासारखा कप परत केला होता, आणि शाळा सुटली होती ती कुमुदची.

मी हे आईला सांगितलं. आई म्हणाली, "रविवारी दापोऱ्याला जाऊन ये. रामदासला घेऊन जा." दादांना विचारायचं का, यावर ती म्हणाली, "त्यांना विचारलं की ते दोन्ही बाजू ऐकून घेतील. तोवर पोरीचं लग्न लागायचं."

कुमुदचं घर मळ्याला लागून होतं. दारात तिची आई वांगी भाजत बसली होती. कुमुदनं मला पाहिलं आणि आत निघून गेली. तिच्या आईला मी कोण ते रामदासनं सांगितलं. ती बाई उठली, हात पुसले, आणि जरा विचार करून मला म्हणाली, "आमचा कोरटात एक बी दावा नाही हो माय. शेताचा नाही, भाऊबंदकीचा नाही. मायबाप्पाची शप्पथ. आता बस, अन् जेव पोटभर." साहेबांच्या मुलीला जेवायला वाढायच्या आधी काय जाहीर करावं लागतं, ते दापोऱ्यापर्यंत पोचलेलं होतं.

मी बसले. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकर, हिरव्या मिरचीचं भरीत, वर कच्चा कांदा आणि तेलाची धार. चार वर्षांत परक्या घरी खाल्लेला तो माझा पहिला घास. तोंड भाजलं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी दुसरी भाकर मागितली. कुमुद दाराआडून पाहत होती. मी नाक पुसत म्हणाले, "तू चांगली बोललीस. पहिला तुझाच होता. दादांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले."

"कायले नाही म्हणाली?"

"कप हवा होता."

ती बाहेर आली. जेवण झाल्यावर ती मला नदीवर घेऊन गेली. पाणी खाली गेलं होतं, काठाला भेगाळलेला गाळ होता. तिनं मला भाषण म्हणायला लावलं आणि दुसऱ्याच वाक्याला थांबवलं. "तू नदी पाहिली का कधी?" मी म्हटलं, पुलावरून. "मग हे सातपुडा-बितपुडा काढून टाक. नदी कधी म्हणते का, होय मीच ती? तुले जे खरं माहीत आहे ते बोल." मला काय माहीत होतं? मागच्या गल्लीतले रंगारी सूत रंगवायचे, आणि ते पाणी नाल्यातून कधी निळं, कधी लाल वाहत जायचं, एवढं मला माहीत होतं. "ते कुठं जाते?" कुमुदनं विचारलं. मला सांगता येईना. "इथं येते," ती म्हणाली.

शाळेबद्दल तिनं एकच सांगितलं, की बाबा म्हणतात, फी भरायची तर या वर्षी जमणार नाही.

घरी आल्यावर मी दादांपुढे उभी राहिले आणि सगळं सांगितलं. खोटं बोलले ते, कुमुदची माफी, दापोरा, जेवण. दादांनी मध्ये फक्त जेवणाचंच विचारलं, "काय जेवलीस?" मी सांगितलं. "भरीत हिरव्या मिरचीचं?" "हो." त्या भागात चार वर्षं काढून त्यांनी ते अजून चाखलं नव्हतं. आई म्हणाली, "शाळेला एक चिठ्ठी लिहा. मुलीला परत घ्या म्हणून. तुमच्या एका शब्दानं होईल."

"म्हणूनच लिहिता येत नाही," दादा म्हणाले. "माझ्यापुढे त्यांचा दावा आहे. आज मी शब्द टाकला तर ते पाळतील. आणि उद्या मी त्यांचं काय पाळायचं?"

"मग ती मुलगी केळी वाहील," आई म्हणाली आणि आत गेली.

दादा त्या संध्याकाळी फिरायला गेले नाहीत. टेबलाशी बसून त्यांनी खंडव्याला जिल्हा न्यायाधीशांना पत्र लिहिलं, की सदर संस्थेत माझी मुलगी शिकते, तिला संस्थेनं बक्षीस देऊ केलं होतं, तरी हा दावा दुसऱ्या कोर्टाकडे द्यावा. आज वाटतं की ते पत्र त्यांना आधीच लिहिता आलं असतं, मी त्या शाळेत गेले त्याच दिवशी. हे त्यांनाही त्या वेळी वाटलं असावं, कारण पत्र लिहून झाल्यावर ते आईला म्हणाले, "केळी मोजत बसलो आणि घरातलं दिसलं नाही."

दावा गेला. तो गेल्याचं कळल्याच्या दुसऱ्याच दिवशी दादा शाळेत गेले. आता ते फक्त पालक होते, आता त्यांना बोलायला मोकळीक होती. मोठ्या बाईंनी त्यांना बाहेरच्या बाकावर एक तास बसवून ठेवलं. मी वर्गाच्या खिडकीतून पाहत होते. शिपाई त्यांच्यासमोरून दोनदा चहा घेऊन गेला, पण त्यांच्याकडे वळला नाही. ज्या शब्दानं काम झालं असतं तो शब्द मोकळा झाला होता, आणि मोकळा होताना त्याचं वजन गेलं होतं. दादा मांडीवर टोपी ठेवून शांत बसले होते. मला वाटतं बुऱ्हाणपुरात त्यांना पहिल्यांदाच कुणी कुठलाही मान दिला नव्हता. ते थोडे खूश दिसत होते.

आत काय बोलणं झालं ते त्यांनी घरी सांगितलं. बाई म्हणाल्या, "साहेब, आता तुमच्याकडे आमचं काही नाही, म्हणून खरं सांगते. कप मी दिला नाही. वरून तसा हुकूम होता. त्या मुलीला मी बोलले ते मात्र माझंच होतं, आणि त्याची मला झोप नाही." फीमाफी कागदावरून अजून काढलीच नव्हती. बाईंनी ती काढली नाही, एवढंच केलं. आणि स्पर्धा पुन्हा घ्यायची ठरवली, परीक्षक बाहेरून आणून. अध्यक्षांनी मान्यता दिली. मात्र बाहेरून आलेल्या परीक्षकांना त्यांनी बजावलं असं रामदासनं ऐकलं: आता आपण कुणाचे मिंधे नाही, हे गावाला दिसलं पाहिजे. कप मात्र कपाटातच राहिला. या वेळी बक्षीस कंपासपेटी होतं.

कुमुद परत आली. तिनं तेच भाषण केलं, पण शेवटी एक वाक्य वाढवलं, की पोरीचा बाप चिखलात उभा राहून हसला, आणि पोरीला पुढे कितीतरी वर्षं वाटत होतं की त्याला मासे आवडले. या वेळी माझेही डोळे भरले. मग मी बोलले. हात वर केले नाहीत. सातपुडा नव्हता. माझी तापी म्हणाली की बुऱ्हाणपूरच्या नाल्यातून माझ्याकडे रोज एक रंग येतो, आणि कोणत्या रंगाची साडी निघाली ते मला बाजाराआधी कळतं, पण तेच पाणी खाली दापोऱ्यात पोरी भरतात. मी एकदाही अडखळले नाही. त्या वर्षी मी पहिल्यांदा काहीतरी केलं असं मला वाटलं.

पहिली कुमुद. दुसरी दहावीतली एक मुलगी, तिसरी आठवीतली. उत्तेजनार्थ दोन नावं वाचली, त्यांत मी नव्हते. दहावीतली मुलगी मध्येच रडू येऊन खाली बसली होती. तरीही मी नव्हते. अध्यक्षांनी टाळ्या वाजवताना समोरच्या रांगेकडे पाहिलं. तिथे दादा नव्हते. ते अगदी मागे, दारापाशी, पालकांच्या गर्दीत उभे होते. ते येणार हे मला माहीत नव्हतं.

कुमुद कंपासपेटी घेऊन माझ्याकडे आली. मी विचारलं, "खरं सांग, माझा कितवा होता?" तिनं नीट विचार केला. "दुसरा," ती म्हणाली. "माझ्या लई जवळ आली होती तू. पण दुसरा." मला ते पटलं. आजही पटतं.

घरी जाताना दादा आणि मी चालत गेलो. रामदासला त्यांनी पुढे पाठवलं होतं. शनवाऱ्याच्या चौकात एक टांगा जाऊ द्यायला आम्ही थांबलो, आणि रस्त्याकडेच पाहत ते म्हणाले, "मी पूर्ण ऐकलं. पहिला तुझाच होता."

दादांनी कुमुदचंही भाषण ऐकलं होतं. तिच्या शेवटच्या वाक्याला त्यांना चष्मा काढून पुसताना मी व्यासपीठावरच्या माझ्या जागेवरून पाहिलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते. त्यांचे कान लाल झाले होते.

"हो," मी म्हणाले.

टांगा गेला. आम्ही रस्ता ओलांडला.